खालच्या दोन ओळी

तुळसामावशी अड्याळच्या स्टँडपासून घरापर्यंत चक्क चालत आली, तेव्हाच रश्मीच्या मनात पाल चुकचुकली.

मावशीच्या गुडघ्यांनी चार वर्षांपासून तिला जेरीस आणलं होतं. आसगावाहून यायचं तर ती ऑटो थेट अंगणापर्यंत आणायला लावायची, भिंतीला धरून उतरायची आणि ओसरीच्या पायरीवर बसूनच "आली वो माय" म्हणायची. रश्मीची आई गेल्यावरही तिने बहिणीच्या घरी येणं सोडलं नव्हतं. पण ते येणं म्हणजे एक मोहीमच असायची. आज मात्र हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि पायांत नव्या नवरीसारखी लगबग.

"काहून अशी पाहून राहिली?" मावशी हसत म्हणाली. "टोंगळे चांगले झाले माहे. परवाच्या दिवशी तं धानाच्या रोवण्याले गेल्ती मी. अर्धी बांधी वाकून रोवली."

रश्मी गुडघ्यांकडे पाहतच नव्हती. ती मावशीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. उन्हाळ्यात पाहिलेला तो वाळका, हाडं दिसणारा चेहरा आता गोल गरगरीत झाला होता. गाल फुगलेले, हनुवटीखाली मांस आलेलं. मनगटाजवळ कातडी पातळ झाली होती आणि तिथे जांभळे डाग होते.

"मावशी, कोणतं औषध घेऊन राहिली तू?"

"आता मलेच इचारते! तुह्याच औषधानं तं झालं सारं."

रश्मी साकोलीच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायची. एम. फार्म.चा तिचा अभ्यास वनस्पतींच्या औषधांवर होता. कोरोनात कॉलेज बंद पडलं तेव्हा तिने रिकामा वेळ सत्कारणी लावायला एक काम धरलं. निरनिराळ्या देशांतले काही अभ्यासक मिळून जुन्या चिनी औषधांवर झालेल्या संशोधनाचा खरा-खोटा हिशेब सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोचवत होते. मराठीची बाजू रश्मीने घेतली. 'अभ्यास काय सांगतो' असं पान तिने फेसबुकवर काढलं, त्याचीच चित्रं व्हॉट्सॲपवर टाकायची. प्रत्येक चित्राचा साचा ठरलेला. वर तिचं नाव, रश्मी परसराम गोंडाणे, एम. फार्म. मग प्रश्न. मग किती लोकांवर काय करून पाहिलं आणि काय दिसलं. आणि सगळ्यात खाली दोन ओळी. पहिलीत पुरावा किती पक्का आहे ते, आणि दुसरीत एक इशारा.

या दोन ओळींवर तिचा सगळा जीव होता. कोणत्याही गोष्टीवर आधी शंका घ्यायची आणि मग बोलायचं, हे ती विद्यार्थ्यांनाही सांगायची.

"मी कोणाले औषध देत नाही, मावशी. मी फक्त लिहिते."

"मंग हे काय हाये?" मावशीने कनवटीचा मोबाइल काढून पुढे केला.

पडद्यावर रश्मीचंच चित्र होतं. तिचं नाव, तिची पदवी. 'गुडघेदुखीवर चिनी वनस्पतींचं औषध उपयोगी पडतं का?' हा तिचाच प्रश्न. 'औषध घेणाऱ्यांचं दुखणं औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं दिसलं,' हे तिचंच वाक्य. त्याखाली 'पुरावा कितपत पक्का: कमी. अभ्यास लहान आहेत, निकाल चुकीचा असू शकतो' आणि 'बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही पुडीला किंवा तेलाला हे लागू नाही' अशा दोन ओळी असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. चित्र तिथेच कापलं होतं आणि त्या जागी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अस्सल चिनी पुडी. घरपोच मिळेल.' खाली एक मोबाइल नंबर.

रश्मीने मोबाइल खाली ठेवला. "पुडी दाखव बरं."

मावशीने पिशवीतून पांढरं पाकीट काढलं. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या देतात तसलंच. आत कागदाच्या बारीक पुड्या, त्यांत तपकिरी भुकटी. पाकिटावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, १-०-१.

"कोण देते हे?"

"मोटारसायकलवाला येते एक. नंबरावर फोन केला का दुसऱ्या दिवशी हाजर. तोंडाले फडकं बांधून राहते, धुळीनं." मावशीचा आवाज आता जरा खाली आला. "काहून? काही गडबड हाये का?"

रश्मीने नंबर लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद.

असली पुडी काय असते ते तिला ठाऊक होतं. पाल्याच्या भुकटीत स्टेरॉइडची गोळी कुटून घालायची. दुखणं दोन दिवसांत गायब होतं, भूक वाढते, माणूस खुलतो, आणि आतून साखर, हाडं, रक्तदाब सगळ्याची वाट लागते. चीनचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो. पण हे कापलं कोणी? १-०-१ असं लिहिण्याची सवय कोणाला असते? सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. ही औषध दुकानदाराची भाषा.

आणि तिला हेमराज धकाते आठवला.

हेमराजचं मेडिकल बाजारचौकात होतं. त्याचे वडील हातमागावर साड्या विणायचे. मागाची खटखट बंद पडली तेव्हा हेमराजने दुकान टाकलं. दोन महिन्यांपूर्वी त्याने रश्मीला फोन केला होता. "मॅडम, ते तुम्ही लिवता ते चिनी औषध आपल्या इकडं भेटते काय? लोक इचारून राहिले." रश्मीने नाही म्हणून सांगितलं. त्यावर तो हसून म्हणाला होता, "चिनी म्हटलं का शिव्याही देतेत अन मांगतेतही. मानसाचं काही समजत नाही." तेव्हा तिने ते कानाआड केलं. आता त्या हसण्याला तिला दात दिसू लागले.

तिने बाबांना विचारलं. परसराम गोंडाणे अंगणात सायकल पुसत बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीत टपाल वाटलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज एक फेरी मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"बाबा, माह्या चित्राची छाटछूट करून कोणी पुड्या विकून राहिलं. तुमच्या कानावर आलं काही?"

परसराम पुसता पुसता थांबले. "छाटछूट म्हंजे?"

"खालचं कापलं. हेमराजभाऊ असेल का?"

त्यांनी फडकं झटकलं. म्हणाले, "हेमराज तसा मानूस नाही." आणि पुन्हा तेच चाक पुसू लागले. बाबा सगळ्यांनाच चांगलं म्हणतात, असं म्हणून रश्मीने ते सोडून दिलं.

दुसरा दिवस बाजाराचा होता. हेमराजच्या दुकानासमोर आठ-दहा माणसं उभी होती. रश्मी तावातावाने आली आणि पाकीट काउंटरवर आपटलं.

"हे तुमचं आहे ना, हेमराजभाऊ?"

हेमराजने चष्मा सारखा केला, पाकीट उलटसुलट केलं. "पाकीट तं साऱ्याच दुकानात भेटते असं."

"आणि हे १-०-१? माझं नाव वापरून, अर्धं कापून, तुम्ही लोकांना हे खायला घालता? विष आहे हे! माझ्या मावशीचं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं."

दुकानापुढची माणसं वळून पाहू लागली. मागे उभ्या, रश्मीच्याच गल्लीतल्या सुलोचनाबाईंनी हातातली पिशवी छातीशी धरली. हेमराजचा चेहरा पांढरा पडला, पण तो ओरडला नाही.

"रश्मीताई, तुमी शिकल्या-सवरल्या. सारं गाव तुमचं वाचते. पुरावा, पुरावा म्हनून रोज लिवता. आता माह्यावर आरोप केला तं पुरावा दाखवा. हाये का?"

रश्मीने पाकीट पुन्हा हातात घेतलं.

गर्दीतून एक बाई म्हणाली, "नाव तं हिचंच हाये त्याच्यावर. म्या माह्या मोबाइलात पायलं. हेमराजभाऊचं नाव कुठी हाये?"

"चीनवाल्यायचं काम करते म्हंते ही," दुसरा कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "त्यायनंच बिमारी धाडली, आता औषध धाडून राहिले. हिले पैसे भेटत असन."

रश्मी मान खाली घालून निघाली. घरी येईपर्यंत तिला वाटत होतं की प्रत्येक दारातून कोणीतरी आपल्याकडे पाहतंय. आणि खरोखरच पाहत होते.

बाजारातला तो एक शब्द मात्र तिच्या आधी घरोघरी पोचला. विष. संध्याकाळपर्यंत पुडी खाणाऱ्यांत घबराट पसरली. सोमाजी नावाचा म्हातारा शेतकरी, दोन महिने पुडी खात होता, त्याने उरलेली सगळी पाकिटं नाल्यात फेकून दिली आणि बायकोला म्हणाला, "सुटलो बुवा." तिसऱ्या दिवशी सकाळी तो धानाच्या बांधीतच कोसळला. उलट्या, घाम, डोळे पांढरे. ट्रॅक्टरवर घालून त्याला आधी अड्याळच्या दवाखान्यात आणि तिथून भंडाऱ्याला हलवलं. डॉक्टरांनी बायकोला विचारलं, कोणती पुडी एकदम बंद केली का?

रश्मीला हे कळलं तेव्हा ती कॉलेजात होती. तिने वर्गाला सुट्टी दिली आणि बाकावर बसून राहिली. तिला हे माहीत होतं. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. शरीराला बाहेरून स्टेरॉइडची सवय लागली की ते स्वतःचं बनवणं सोडून देतं. पुडी एकदम थांबवली तर माणूस दगावू शकतो. हे सगळं माहीत असून ती भर बाजारात विष, विष म्हणून ओरडली होती.

त्याच दिवशी तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुडीतली भुकटी विरघळवून काचेच्या पट्टीवर तिचा ठिपका लावला. शेजारी दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळीचा ठिपका. पट्टी द्रावात उभी केली. दोन्ही ठिपके जोडीने वर चढले आणि एकाच उंचीवर थांबले. पुडीत स्टेरॉइडच होतं. तिने पट्टीचे फोटो काढले, औषध प्रशासनाला तक्रार लिहिली, सोबत पुड्या दिल्या. पण ते आपल्या गतीने होणार होतं. गावातली माणसं आज पुड्या फेकत होती.

दुसऱ्या दिवशी ती अड्याळला परतली आणि दारोदार फिरू लागली. "पुडी एकदम बंद करू नका. आधी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्या दिवशी म्हने विष हाये. आज म्हने बंद करू नोका," सुलोचनाबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांचेही गाल फुगले होते. "आमी कोनतं खरं मानावं? का माल उरला तुह्या जवळ?"

"काकू, माझा माल नाही तो. तुमच्या जीवाला धोका आहे म्हणून सांगते."

"जीवाची कायजी होती तं आधी लिवलं कायले?"

दार लागलं. पुढच्या घरी तर दार उघडलंच नाही, आतून नुसता टीव्हीचा आवाज मोठा झाला. एका घरच्या म्हाताऱ्याने सरळ सांगितलं, "पोरी, तू सांगतेस ते उलटं करतो मी. तेच बरं." अशी चौदा घरं ती फिरली. दवाखान्यात यायला तयार झाली ती फक्त तुळसामावशी, आणि तीही कुरकुरत.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात लांबलचक रांग होती. मावशी बाकावर पाय पसरून बसली आणि आजूबाजूच्या बायांना आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगू लागली. रश्मीने तिचा मोबाइल मागून घेतला. लाल अक्षरांचं ते चित्र मावशीला कुठून आलं, ते तिला शोधायचं होतं. मनात अजून हेमराजच होता. त्याचं नाव कुठेतरी सापडेल आणि मग त्याच्या काउंटरवर पुरावा ठेवता येईल, अशी तिला आस होती.

लाल चित्र एका अनोळखी नंबरावरून आलं होतं, मेच्या वीस तारखेला. ती आणखी मागे गेली. नातेवाइकांचा एक गट होता, 'आपली मानसं'. रश्मीही त्यात होती, पण सकाळच्या फुलांच्या फोटोंना कंटाळून तिने वर्षभरात तो उघडला नव्हता.

मेच्या सोळा तारखेला तिथे तेच चित्र होतं. लाल अक्षरं नव्हती, नंबर नव्हता. पण खालच्या दोन ओळीही नव्हत्या. कापलेलं होतं, अगदी त्याच जागी.

पाठवणाऱ्याचं नाव होतं, परसरामभाऊजी.

रश्मीने ते पुन्हा वाचलं. मग आणखी मागे गेली. मार्चमध्ये एक. फेब्रुवारीत दोन. डोकेदुखीवर सुया टोचण्याचा अभ्यास, झोपेच्या काढ्याचा अभ्यास, पोटाच्या विकाराचा. तिची अकरा चित्रं बाबांनी या गटात टाकली होती आणि अकराच्या अकरा खालून कापलेली. प्रत्येकासोबत एक ओळ, 'माझ्या रश्मीचं नवीन संशोधन. सर्वांनी पुढे पाठवा.'

"काय झालं वो? अशी काहून झाली तू?" मावशीने विचारलं.

"काही नाही," रश्मी म्हणाली. तिला त्या दिवशीचं बाबांचं थांबणं आठवलं.

घरी आली तेव्हा परसराम ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. तिने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"बाबा, तुम्ही कापलं हे?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा बोलले नाही?"

"भेलो मी." ते खाली पाहत म्हणाले. "मले वाटलं, ते दुसरं काही असन. माह्या कापन्याचा अन पुडीचा काय संबंध? मंग सोमाजी पडला. तवापासून जेवन गोड लागत नाही."

"पण कापलं कायले? कोणी सांगितलं होतं?"

परसरामांनी गमछ्याने तोंड पुसलं. "तू खाली लिवतेस, पुरावा कमी, खात्री नाही, चुकू शकते. पयल्यांदा मी तसंच्या तसं पाठवलं होतं. तं स्टँडवर चार लोक हासले मले. म्हने, परसराम, एवढी शिकवली पोरीले, अन तिलेच खात्री नाही? मंग काय शिकली? मले ते झोंबलं, बाई. आपल्या घरात माह्या बापाले सही नव्हती येत. तू एम. फार्म. झाली. मले वाटे, माह्या पोरीनं लिवलं तं ते पक्कंच पायजे. ते खालचं वाचलं का मले वाटे, तू उगाच सोताले कमी करून राहिली. अंगठ्यानं सरकवलं का कापता येते, ते मोबाइलवाल्यानं शिकवलं होतं."

"बाबा, त्या दोन ओळीच खऱ्या होत्या. वरचं सगळं त्यांच्यावाचून खोटं आहे."

"आता समजलं." त्यांचा आवाज फाटला. "चौतीस वरसं, रश्मी. कोनाची चिठ्ठी कधी फोडली नाही. पावसात सायकल खांद्यावर घेतली, पन थैला भिजू नाही देल्ला. अन माह्याच पोरीची चिठ्ठी फाडून वाटली मी."

रश्मीला फार राग आला होता. वाटेत बसमध्ये तिने बोलायची वाक्यं जुळवली होती.  पण ती त्यांच्याजवळ खाली बसली. सुपातले खडे बाजूला करू लागली. मग म्हणाली, "मला हेमराजभाऊकडे जायचं आहे."

"मी येतो."

"नाही. माझं मला बोलू द्या."

ती गेली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत थांबावं असं एकदा मनात आलं, पण तिने थांबायचं नाही असं ठरवलं. आरोप लोकांसमोर केला होता.

"हेमराजभाऊ, मी चुकले. तुमचा यात काही हात नाही. ते कापणारे माझे वडील होते आणि पुडी विकणारा भलताच कोणी आहे. मी तुमची माफी मागते."

हेमराज गिऱ्हाइकाच्या गोळ्या कापत होता. कात्री थांबली नाही. "माफी दुकानात मांगितली तुमी. शंका तं बजारात गेली, अड्याळच्या बाहीर गेली. माह्या बायकोले पान्याच्या नळावर इचारतेत, तुमच्या घरी पुडी बनते का म्हनून. ते कोन वापस आनन?"

"मला माहीत नाही," रश्मी म्हणाली.

गिऱ्हाईक गेलं. हेमराजने कात्री खाली ठेवली. मग गल्ल्याखालून वहीचा एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"दोन महिन्यांपासून लोक पायाच्या सुजनीच्या गोळ्या मांगाले येऊन राहिले. अन साखर तपासाच्या पट्ट्या. एवढ्या कधी खपत नाहीत. मले शंका आलती, म्हनून नावं लिवून ठेवली. तुमाले सांगाव का नाही, ठरत नव्हतं. म्हटलं, नाव तं ताईचंच हाये त्या चित्रावर. कोन जाने, ताईच विकत असन." त्याने प्रथमच तिच्याकडे सरळ पाहिलं. "मीबी तुमच्यावर शंकाच घेत होतो. फरक एवढाच का मी बोललो नाही."

कागदावर तेवीस नावं होती. अड्याळची, आसगावची, मधल्या दोन गावांची.

तो कागद रश्मीने घरी आणला आणि परसरामांनी तो तिच्या हातातून घेतला. "तुले कोनी दार उघडत नाही," ते म्हणाले. "मले उघडतीन."

त्यांनी सायकल काढली. रश्मी मागून चालत गेली. पहिलं घर सुलोचनाबाईंचं. त्यांनी रश्मीला पाहून दार ओढायला घेतलं, तेवढ्यात परसराम पुढे झाले.

"बाई, माहं ऐका, मंग दार लावा. माह्या पोरीनं बराबर लिवलं होतं. खाली लिवलं होतं का हे पक्कं नाही, पुडी घेऊ नोका. ते मी कापलं. मी. मोठेपनासाठी. त्याचा फायदा त्या पुडीवाल्यानं घेतला. आता पुडी फेकू नोका, सोमाजीचं पायलं ना? पुडी हातात घ्या अन उद्या माह्या संगं दवाखान्यात चला."

सुलोचनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मुलीच्या वयाची पोरगी शहाणपण सांगते तेव्हा संशय येतो. पण पांढऱ्या केसांचा पोस्टमन दारात उभा राहून मी चुकलो म्हणतो, त्यावर कोणता संशय घ्यायचा, ते त्यांना सुचेना.

"तुमी कापलं?" त्या म्हणाल्या. "सोताच्या पोरीचं?"

"हो."

"भलते मानूस हाये तुमी." त्या आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या.

तीन दिवस परसराम हिंडले. प्रत्येक दारात तेच बोलले, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. सोमाजीच्या भावाने अंगावर हात टाकायला घेतला, तेव्हा ते जागचे हलले नाहीत. तेवीसांपैकी एकोणीस जण दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांना मोजून गोळ्या दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करायच्या. चार जण गेले नाहीत. त्यातले दोघे अजूनही म्हणतात की पुडी चांगलीच होती, मोठ्या दुकानदारांनी बंद पाडली.

सोमाजी बारा दिवसांनी घरी आला. रश्मी भेटायला गेली तर त्याने पाणी दिलं, पण चहाचं विचारलं नाही.

मोटारसायकलवाला सापडला नाही. औषध प्रशासनाच्या माणसांनी येऊन जबाब घेतले, पुड्या नेल्या. नंबर कोण्या तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाला आणि त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर साकोलीच्या एका ओळखीच्या बाईने रश्मीला एक चित्र पाठवलं. तेच चित्र, तेच तिचं नाव, लाल अक्षरं आणि नवा नंबर. या वेळी सोबत एका म्हातारीचा फोटोही होता, ती हसत पायऱ्या चढत होती. रश्मीने तेही तक्रारीला जोडलं.

तिने लिहिणं थांबवलं नाही, पण चित्राचा साचा बदलला. आता सगळ्यात वर, प्रश्नाच्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत पुरावा किती कच्चा आहे ते असतं, आणि मग पुढचं. कापायचंच झालं तर प्रश्नच कापावा लागेल. वाचणारे निम्म्यावर आले. सुरुवातीलाच 'खात्री कमी' दिसलं की लोक पुढे सरकतात. हेमराज मात्र वाचतो. बोलत नाही, पण एखादी ओळ समजली नाही तर परसरामांकडे निरोप ठेवतो, "ताईले इचारा, हे 'निकाल विखुरलेले' म्हंजे काय?" परसराम तो निरोप घेऊन येतात आणि उत्तर घेऊन जातात, शब्दाला शब्द.

तुळसामावशीच्या चेहऱ्याची सूज हळूहळू उतरली, जांभळे डाग फिकट झाले, आणि गुडघे पुन्हा दुखू लागले. हिवाळ्यात रश्मी आसगावला गेली तर ती उन्हात खाटेवर बसली होती. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम सुरू होता, पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा.

"सात, आठ," मावशी मोजत होती. तिला पाहताच थांबली. "आली का डॉक्टरीन? माहे चांगले टोंगळे खराब करून ठेवले तुमी बाप-लेकीनं."

"मावशी, ती पुडी अजून चार महिने खाल्ली असती तर..."

"हे तू म्हंते." मावशीने डोळे बारीक केले. "पन मले एक सांग. ते पुडीनं मी रोवण्याले गेल्ती. याच्यानं उंबऱ्यापर्यंत जाता येत नाही. मंग कोनतं औषध खरं?"

 रश्मी खाटेवर बसली, मावशीच्या टाचेखाली हात धरला आणि म्हणाली, "नऊ. अजून एक राहिला."

मावशीने तिच्याकडे अविश्वासाने पाहिलं, ओठ मुडपले आणि पाय उचलला.